गाठी धरलेल्या पावडरीविषयी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे छायाचित्र मिळाले. पावडर कोटिंगच्या, म्हणजे भट्टीत वितळवून लेप चढवायच्या, लाल पावडरीच्या डब्यात हरभऱ्याएवढ्या गाठी झाल्या आहेत, डबा हलवला की त्या खुळखुळतात आणि बंदुकीसाठी घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांवर लेप कुठे जाड तर कुठे विरळ बसतो, असे तू लिहिले आहेस. पावडर टाकून द्यावी की चाळून वापरावी, हा तुझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर गाठ कशामुळे झाली यावर अवलंबून आहे, म्हणून चाळणी हाती घेण्याआधी तेवढे शोधून काढ.

ही पावडर म्हणजे राळ, तिला कडक करणारा घटक आणि रंगद्रव्य एकत्र वितळवून, थंड करून दळलेला माल असतो. त्याचे बहुतेक कण दहा ते शंभर मायक्रॉनच्या दरम्यानचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नेहमीच्या तापमानाला ते कोरडे आणि सुटे राहतात, परंतु चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास पृष्ठभाग मऊ पडू लागतो आणि वरच्या थराच्या भाराने खालचे कण एकमेकांना चिकटतात. दमट हवेनेही गाठी होतात, पण त्या वरवरच्या असतात. उष्णतेचे नुकसान मात्र दुहेरी असते, कारण कण चिकटतात ते दिसते, आणि राळ व कडक करणारा घटक यांची जी अभिक्रिया भट्टीत व्हायला हवी ती डब्यातच हळूहळू सुरू झालेली असते, ते दिसत नाही. अशी पावडर कितीही बारीक केली तरी तिचे गेलेले आयुष्य परत येत नाही.

म्हणून पहिली परीक्षा बोटांची. हातमोजा घालून एक गाठ चिमटीत धर आणि हलकेच दाब. ती पिठासारखी विरली तर दोष दमटपणाचा किंवा नुसत्या दाबाचा आहे. ती खड्यासारखी टणक लागली किंवा फुटून धारदार तुकडे झाले, तर उष्णतेचा संशय घे. दुसरी परीक्षा भट्टीची. धातूच्या पट्टीवर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून तिच्यावर चिमूटभर संशयित पावडर आणि शेजारी, मिळाल्यास, त्याच प्रकारची ताजी पावडर ठेव. पट्टी थोडी तिरकी करून नेहमीच्या तापमानाला भट्टीत सरकव आणि काचेतून पाहत राहा. चांगली पावडर आधी ओलसर दिसते, मग चकाकते आणि उतारावरून थोडी ओघळते. बिघडलेली पावडर जागेवरच थिजते आणि तिचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत राहतो. ताजी ओघळली आणि जुनी जागची हलली नाही, तर पुढचे काही वाचू नकोस, डबा बाजूला काढ.

इथे एक मोह होतो, तो आधीच सांगून ठेवतो. पावडर नीट वाहत नाही म्हणून भट्टीचे तापमान वाढवावेसे वाटते. तसे करू नकोस. शुद्ध शिसे ३२७ अंशांना वितळते हे खरे, पण आपण ओततो त्या मिश्रधातूत कथील आणि अँटिमनी असल्याने तो त्याहून बराच आधी मऊ पडू लागतो, आणि मग पावडर वाचवण्याच्या नादात गोळ्यांचाच आकार बिघडतो.

माझ्याकडूनही एक मूर्खपणा घडला आहे. डबा भट्टीवरच्या फळीवर राहिला, पावडरीची वीट झाली आणि मी ती मिक्सरमध्ये घातली. अर्ध्या मिनिटात पात्याच्या घर्षणाने ती वितळू लागली आणि भांड्याच्या तळाशी चिवट कडे बसले. ते सोलून काढताना कळले की जे बिघडवते त्याच उष्णतेने मी ते दुरुस्त करायला निघालो होतो. शिवाय बंद भांड्यात उडणारी ही भुकटी ठिणगी मिळाली तर भडकू शकते. मिक्सर आणि कॉफीचे ग्राइंडर या कामात आणूच नकोस.

पावडर परीक्षेत उतरली तर चाळणे सोपे आहे. आधी जाड गाळणीतून काढ, मग १२० मेशच्या चाळणीतून, जिची भोके सुमारे १२५ मायक्रॉनची असतात. मऊ ब्रशने फिरवत चाळ, दाबून ढकलू नकोस, आणि वर राहील ते टाकून दे. मास्क लाव, पंखा बंद ठेव, जवळपास ज्योत नको. धातूची झाक असलेल्या पावडरीत चकाकीचे कण नुसते मिसळलेले असतील तर चाळताना ते वेगळे होऊ शकतात, तेव्हा तिथे रंग बदलला तर आश्चर्य मानू नकोस.

एवढी काळजी कशाला, असे वाटेल. प्लास्टिकच्या डब्यात प्लास्टिकच्याच छऱ्यांसोबत गोळ्या आणि पावडर घुसळताना कण स्थिर विद्युतभारामुळे चिकटतात. एखादी गाठ गोळीच्या नाकावर बसली की भट्टीत तिचा उंचवटा होतो. मधला भाग सायझिंग डायमध्ये, म्हणजे गोळी ठरावीक व्यासाची करणाऱ्या साच्यात, दाबून सरळ करता येतो, नाकाकडचा फुगवटा तसाच राहतो आणि त्या गोळीचे काडतूस बंदुकीच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, पूर्ण बसत नाही. असे काडतूस जोर लावून बसवू नकोस. चाळलेल्या पावडरीने आधी दहाच गोळ्या कर. थंड झाल्यावर एक हातोडीने चपटी कर, लेप तडकून सुटता कामा नये. दुसरी ॲसिटोनच्या कापडाने पूस, रंग कापडावर उतरता कामा नये.

साठवणीचे थोडक्यात सांगतो. पावडर पंचवीस अंशांखाली, घट्ट झाकणाच्या डब्यात, आतल्या जाड पिशवीत ठेव. सिलिका जेलची पुडी पिशवीबाहेर, पण डब्याच्या आत असू दे. डबा थंड जागेतून आणलास तर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नकोस, नाहीतर हवेतली वाफ आत दव होऊन बसेल. पावडर भट्टीत ठेवून वाळवण्याचा विचारही करू नकोस. ज्या भट्टीत शिसे जाते तिच्यात अन्न शिजवायचे नाही, हे तू पाळतच असशील.

फॉइलवरची परीक्षा झाली की त्या दोन ढिगांचे छायाचित्र पाठव, मग पुढचे बोलू.

कळावे, लोभ असावा.