गुडघा कोणापुढे टेकतो?

प्रश्न : आमच्या घरात कोणी ख्रिस्ती नाही, परंतु माझे दोन सहकारी ख्रिस्ती आहेत, एक कॅथलिक, दुसरा प्रॉटेस्टंट. प्रॉटेस्टंट सहकारी म्हणतो की, कॅथलिक मूर्तिपूजक आहेत, मरियेला देवी मानतात आणि मूर्तींविरुद्धची आज्ञा त्यांनी दहा आज्ञांतून गाळून टाकली आहे. कॅथलिक सहकारी हे सारे नाकारतो. मात्र त्याच्या चर्चमध्ये मी स्वतः मूर्ती, मेणबत्त्या, फुले आणि गुडघे टेकलेली माणसे पाहिली आहेत. खरे कोणाचे मानावे?

उत्तर : आपण पाहिले ते खरे आहे आणि कॅथलिक सहकाऱ्याचा नकारही प्रामाणिक आहे. घोटाळा होतो तो पाहणाऱ्याची नजर जिथे थांबते तिथे. कॅथलिक चर्चमध्ये शिरलेल्या बाहेरच्या माणसाचे लक्ष सर्वांत आधी मूर्तींकडे जाते. हिंदू पाहुण्याला त्या ओळखीच्या वाटतात आणि तो मनातल्या मनात हात जोडतो. प्रॉटेस्टंट, मुसलमान किंवा यहुदी पाहुणा त्याच मूर्ती पाहून अस्वस्थ होतो. एकाला आपलेपणा वाटतो, दुसऱ्याला पाप दिसते, पण दोघांचे गृहीतक एकच असते : इथल्या उपासनेचे केंद्र मूर्ती आहे. ते गृहीतकच चुकीचे आहे.

कॅथलिक चर्चमधील मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होत नाही. तिला आशीर्वाद दिला जातो, पण तिच्यात कोणी वास करण्यास येतो असे मानले जात नाही. प्रॉटेस्टंट टीकेला उत्तर देण्यासाठी भरलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये स्पष्ट सांगितले की, प्रतिमांमध्ये कोणतेही देवत्व किंवा सामर्थ्य आहे असे मानू नये, त्यांच्याकडे काही मागू नये आणि त्यांना दिलेला मान ज्यांच्या त्या प्रतिमा आहेत त्यांच्याकडे जातो. हा विचार ट्रेंटने नव्याने शोधलेला नव्हता. पूर्वेकडील साम्राज्यात प्रतिमा फोडणाऱ्यांचा आणि जपणाऱ्यांचा झगडा दीर्घकाळ चालला होता, आणि ७८७ मध्ये निकाया येथील दुसऱ्या परिषदेने त्यावर हाच निर्णय दिला होता.

मग चर्चमध्ये येणारा कॅथलिक मनुष्य दाराशी किंवा बाकाजवळ एक गुडघा टेकतो तो कोणापुढे? पुन्हा जाण्याचा प्रसंग आला तर नीट पाहावे. वेदीच्या मागे किंवा एका बाजूला एक लहान, कुलूपबंद पेटी असते आणि तिच्याजवळ अखंड दिवा तेवत असतो. त्या पेटीत मिस्सेमध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीत, पवित्र केलेली भाकर ठेवलेली असते. कॅथलिक श्रद्धेनुसार ती आता भाकर नसून साक्षात ख्रिस्त आहे, म्हणून गुडघा टेकतो तो त्या पेटीच्या दिशेने. भोवतीच्या मूर्ती कितीही भव्य असल्या तरी त्या तुलनेने भिंतीवरच्या पूर्वजांच्या तसबिरींसारख्या आहेत. कॅथलिकांवर घ्यायचाच असेल तर खरा मोठा आक्षेप त्या पेटीवर घेता येतो, आणि प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांतील जाणत्या मंडळींनी तो घेतलाही. त्याविषयी पुढच्या प्रश्नात.

आज्ञा गाळल्याचा आरोप मात्र निकालात काढता येतो. निर्गमाच्या विसाव्या अध्यायातील मजकूर कॅथलिक बायबलात तसाच्या तसा आहे. मूळ मजकुरावर एक, दोन, तीन असे आकडे नाहीत, त्यामुळे ‘दहा’ कशा मोजायच्या यावर परंपरा वेगळ्या झाल्या. संत ऑगस्टीनच्या मोजणीनुसार ‘अन्य देव नकोत’ आणि ‘कोरीव मूर्ती करू नको’ ही एकच आज्ञा ठरते आणि शेवटच्या लोभाविषयीच्या आज्ञेचे दोन भाग होतात. कॅथलिकांनी ही मोजणी घेतली; मूर्तींच्या वादात दुसऱ्या बाजूला गणल्या जाणाऱ्या ल्यूथरपंथीयांनीही तीच ठेवली. उलट मूर्तीची आज्ञा स्वतंत्र मोजणाऱ्यांत पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत, ज्यांची चर्चे चित्रप्रतिमांनी भरलेली असतात! आरोपाला एक निमित्त मात्र आहे. पाठांतरासाठी केलेल्या संक्षिप्त याद्यांत पहिली आज्ञा एका ओळीत येते आणि मूर्तीचे वाक्य त्यात दिसत नाही. यादीच पाहिलेल्या माणसाला ते गाळले असे वाटल्यास त्याला दोष देता येणार नाही.

मरियेचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि त्यात भाषाही आडवी येते. आपण देवभक्ती म्हणतो, तसेच मातृभक्ती, गुरुभक्ती आणि देशभक्तीही म्हणतो. शब्द एकच, भाव निराळे. ग्रीक आणि लॅटिन धर्मशास्त्रात मात्र शब्दच वेगळे आहेत. केवळ परमेश्वराची करायची आराधना ती ‘लात्रिया’, संतांना द्यायचा मान तो ‘दुलिया’ आणि मरियेला द्यायचा विशेष मान ‘हायपरदुलिया’. हा भेद केवळ पंडितांच्या कागदावर नाही. संतांची नावे घेत म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनामालिकेत ख्रिस्ताला उद्देशून ‘आमच्यावर दया कर’ असे म्हणतात, आणि मरियेचे किंवा संतांचे नाव येताच उत्तर बदलते : ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’. जपमाळेतील ‘नमो मरिये’ या प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानातील देवदूताच्या आणि मरियेची नातलग एलिझाबेथ हिच्या शब्दांतून घेतलेला आहे, आणि उत्तरार्धात तिच्याकडे मागणे एवढेच आहे की, तिने आम्हा पाप्यांसाठी आत्ता व मरणाच्या वेळी प्रार्थना करावी.

एवढ्यावर प्रॉटेस्टंट गप्प बसत नाहीत आणि त्यांनी बसावे असेही मला वाटत नाही. बायबलातील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देव आणि माणूस यांच्यामध्ये एकच मध्यस्थ सांगितला आहे, तो म्हणजे ख्रिस्त. कॅथलिक म्हणतात, शेजाऱ्याला ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ असे आपण सांगतो तेव्हा तो काही दुसरा मध्यस्थ होत नाही, मग स्वर्गातील संताला सांगण्यात वावगे काय? त्यावर प्रतिप्रश्न येतो की, मृतांना असे सांगावे हे शास्त्रात कोठे आहे, आणि त्यांना ते ऐकू येते हे कशावरून? हा गैरसमज नसून खरा मतभेद आहे. शास्त्रवचन पुरेसे की त्याच्या जोडीला चर्चची परंपराही प्रमाण, या मूळ वादाची ती एक शाखा आहे. शिवाय धर्मशास्त्रातील नेमकी सीमारेषा लोकांच्या भाबड्या भक्तीत पुसट होते, हे कॅथलिक चर्चलाही मान्य असावे. अन्यथा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मरियेविषयी अतिशयोक्ती आणि कोतेपणा ही दोन्ही टोके टाळा, असे बजावण्याची गरज पडली नसती.

जाता जाता एक सार्वत्रिक चूक. ‘मरियेची निष्कलंक गर्भसंभूती’ म्हणजे येशूचा कुमारिकेच्या पोटी झालेला जन्म, असे बहुतेक बिगर कॅथलिक समजतात. या सिद्धांताचा विषय मरियेचा स्वतःचा आरंभ आहे : ती तिच्या आईच्या उदरात आली त्या क्षणापासून मूळ पापापासून, म्हणजे आदामापासून प्रत्येक माणसाला जन्मतः लागणाऱ्या पापापासून, मुक्त होती, असे पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये जाहीर केले. ऑर्थोडॉक्स मंडळी मरियेचा मान राखण्यात कोणाच्या मागे नाहीत, पण हा सिद्धांत त्यांनाही मान्य नाही.

प्रश्न : कॅथलिक मित्राच्या विवाहातील मिस्सेला आम्ही काही मंडळी गेलो होतो. लोक रांगेने पुढे जाऊन धर्मगुरूंकडून प्रसाद घेऊ लागले, तेव्हा मीही उठलो. शेजारच्या बाईंनी मला हलकेच थांबवले. मित्राच्या प्रॉटेस्टंट मामांनाही तो दिला गेला नाही, हे नंतर कळले. यात तुच्छतेची भावना असते का?

उत्तर : आपण ‘प्रसाद’ हा शब्द वापरलात, आणि त्यातच आपल्या दुखावले जाण्याचे कारण आहे. प्रसाद सर्वांना वाटायचा असतो. तो नाकारणे किंवा न देणे दोन्ही अप्रशस्त. त्या रांगेत जे दिले जाते ते मात्र प्रसाद नव्हे. येशूने अखेरच्या भोजनात भाकर घेऊन ‘हे माझे शरीर आहे’ असे म्हटले. कॅथलिक चर्च ते वाक्य शब्दशः घेते. भाकरीचे रूप, रंग, चव सारे तसेच राहते, पण तिचे तत्त्व पालटून ती ख्रिस्ताचे शरीर होते, या शिकवणीसाठी तत्त्वांतराचा शब्द १२१५ च्या लॅटेरन परिषदेने वापरला आणि ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये ती शिकवण सविस्तर मांडली. ते स्वीकारताना धर्मगुरू ‘ख्रिस्ताचे शरीर’ असे म्हणतात आणि घेणारा ‘आमेन’ म्हणतो. म्हणजे तो आपली श्रद्धा जाहीर करतो, आणि या चर्चशी असलेल्या एकतेची ग्वाहीही देतो. जे आपण मानत नाही त्याला सर्वांसमक्ष होकार देण्याची वेळ त्या बाईंनी आपल्यावर येऊ दिली नाही. माझ्या मते त्यांनी आपला मान राखला.

हा निर्बंध परक्यांपुरता नाही, हे बाहेरून दिसत नाही. गंभीर पापाची जाणीव असलेल्या कॅथलिक व्यक्तीनेही आधी पापनिवेदन करायचे असते, आणि घेण्यापूर्वी किमान एक तास उपास पाळायचा असतो. त्या रांगेत न उठलेल्यांत काही कॅथलिकही असतील. अनेक ठिकाणी इतरांनी छातीवर हात आडवे ठेवून पुढे जावे आणि केवळ आशीर्वाद घ्यावा, अशी सोय असते.

मामांचा प्रश्न आपल्यापेक्षा अवघड आहे, कारण ते ख्रिस्ती आहेत, बाप्तिस्मा झालेले आहेत. प्रॉटेस्टंटांचेही या भाकरीविषयी आपसांत कधी एकमत झाले नाही. १५२९ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे ल्यूथर आणि त्स्विंग्ली हे दोन प्रॉटेस्टंट धर्मसुधारक समोरासमोर बसले. पंधरा मुद्द्यांपैकी चौदा मुद्दे जुळले. पंधराव्यातही बरेच जुळले, आणि अडले ते एवढ्यावरच की, ख्रिस्त त्या भाकरीत शरीराने उपस्थित असतो की नाही. ल्यूथरने मेजावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ हे वाक्य लॅटिनमध्ये लिहून ठेवले होते आणि ‘आहे’ या शब्दावरून तो हटला नाही. त्स्विंग्लीच्या मते त्या ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवते’ असा होता. त्स्विंग्लीच्या वाटेने गेलेल्यांना पेटीपुढे टेकलेला कॅथलिक गुडघा भाकरीच्या तुकड्यापुढे टेकलेला वाटतो, आणि त्यांच्या दृष्टीने मूर्तिपूजेचा आरोप खरा लागू होतो तो इथे. कॅथलिक श्रद्धा खरी नसेल तर आक्षेप बिनतोड आहे. ती खरी असेल तर न झुकणे अशक्य आहे. यात मधली वाट काढणाऱ्यांना मी आजवर कोणालाच पटवताना पाहिलेले नाही.

ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती व्यक्तीने स्वतःहून मागितल्यास कॅथलिक धर्मगुरू तिला हा संस्कार देऊ शकतात, कारण त्यांची श्रद्धा आणि याजकपरंपरा कॅथलिक चर्च मान्य करते. प्रॉटेस्टंटांना ही मुभा मरणाच्या धोक्यासारख्या अपवादात्मक परिस्थितीत, तीही अटींसह आहे. पतिपत्नींपैकी एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट असलेल्या घरांत दर रविवारी एक जण रांगेत आणि एक जण बाकावर असतो. त्या कुटुंबांना होणारे दुःख नियमांच्या स्पष्टीकरणाने कमी होत नाही, हे कॅथलिक बिशपांनीही अनेकदा मान्य केले आहे.

प्रश्न : धर्मगुरूच्या कानात पाप सांगितले की सुटले, पुन्हा करायला मोकळे; आणि पोप कधी चुकतच नाहीत. या दोन समजुती सुशिक्षित माणसे कशा बाळगतात?

उत्तर : सुशिक्षित कॅथलिक या दोन्ही बाळगत नाहीत. पापनिवेदनाला खरा पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय लागतो; तो नसेल तर क्षमेचे शब्द उच्चारले तरी निष्फळ ठरतात. चोरी केली असेल तर चोरलेले परत करावे लागते. धर्मगुरूने ऐकलेले उघड केले तर तो आपोआप बहिष्कृत होतो. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते : ल्यूथरपंथीयांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग श्रद्धाघोषणेने खासगी पापक्षमा चर्चमध्ये टिकवावी असेच म्हटले होते. सर्व पापे एकेक करून मोजण्याची सक्ती मात्र तिला मान्य नव्हती.

पोपच्या अचूकपणाचा अर्थ पोप पाप करत नाहीत किंवा त्यांचे प्रत्येक मत बरोबर असते, असा नाही. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठरवल्याप्रमाणे, सर्व ख्रिस्ती लोकांचे गुरू या नात्याने, श्रद्धा किंवा नीती यांविषयी, संपूर्ण चर्चवर बंधनकारक असा अंतिम निर्णय ते देतात तेव्हाच त्या निर्णयात चूक होत नाही. त्यानंतर हा अधिकार औपचारिकपणे एकदाच वापरला गेला, १९५० मध्ये, मरियेला देहासह स्वर्गात घेतले गेले हे जाहीर करताना. इतका क्वचित वापर असूनही हा अधिकारच ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि ल्यूथरपंथीय या सर्वांना एकाच वेळी खटकतो. रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी १०५४ मध्ये परस्परांवर घातलेले बहिष्कार पोप सहावे पॉल आणि कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क (ऑर्थोडॉक्स प्रमुख धर्माध्यक्ष) अथेनागोरस यांनी १९६५ मध्ये मागे घेतले, १९९९ मध्ये ल्यूथरपंथीयांशी तारणाच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्र झाले, पण पोपपदावर गाडी अडलेली आहे. ख्रिस्ती ऐक्याच्या मार्गातील सर्वांत मोठा अडथळा पोप हाच आहे, असे १९६७ मध्ये स्वतः सहाव्या पॉल यांनीच म्हटले होते.