बीएस्सीच्या मुलांना संदर्भ शोधायला कसं शिकवावं? ग्रंथालयाची एक तासाची ओळख पुरते का?

नाही पुरत. वर्षाच्या सुरुवातीला अख्ख्या वर्गाला ग्रंथालयात नेऊन कॅटलॉग, पासवर्ड सगळं दाखवलं तरी प्रोजेक्ट लिहिताना मुलं गुगलवर पहिलं जे येईल तेच उचलतात. त्या तासाला त्यांना काही शोधायचंच नसतं ना! तेव्हा आधी शोधायला काहीतरी द्या.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे हळदीचं पेटंट देतो. १९९५मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने (केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिलं आणि १९९७मध्ये ते रद्द झालं. एवढं मुलांना ठाऊक असतं. कशाच्या जोरावर रद्द झालं, हे मात्र नसतं. ‘आमची आजी लावायची’ हे तिथे चालणार नव्हतं, हा उपयोग नवा नाही हे दाखवणारा छापील पुरावा हवा होता. सीएसआयआरने ३२ संदर्भ दिले. त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३चा लेखही होता.

मी सांगतो, समजा साल १९९६ आहे आणि तुम्ही सीएसआयआरमध्ये आहात. पेटंटच्या अर्जाआधीचा, हळद आणि जखम दोन्ही असलेला एक छापील पुरावा आणा.

मग अर्जाची तारीख बघायला गुगल पेटंट्स उघडावंच लागतं. नुसतं ‘टर्मरिक’ टाकून मसाल्याच्या जाहिराती आल्या की ‘करक्युमा लाँगा’ हे हळदीचं शास्त्रीय नाव अवतरणचिन्हांत टाकायचं सुचतं. सालाची मर्यादा घालायला शिकतात. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर जुन्या लेखांचं बहुधा नुसतं शीर्षकच दिसतं, सारांश नाही. मग ‘मूळ अंक कुठे मिळेल?’ विचारत स्वारी ग्रंथपालांकडे जाते. ग्रंथपालांना आधी कल्पना देऊन ठेवा. जमलं तर त्या दिवशी प्रॅक्टिकललाच बोलवा. लेख पैसे मागत असेल तर महाविद्यालयांना ई-नियतकालिकं पुरवणारी एन-लिस्ट किंवा (सरकारी संस्था असेल तर) २०२५पासूनची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना तेच दाखवतील. प्रबंधांसाठी शोधगंगा आहेच, फुकट.

विकिपीडियाला मी बंदी घालत नाही, तळाचे संदर्भ कामाचे असतात. चॅटजीपीटीही चालेल, पण त्याने दिलेला प्रत्येक लेख माझ्यासमोर उघडून दाखवायचा. अस्तित्वातच नसलेले लेख तो खऱ्या शास्त्रज्ञांच्या नावावर बेमालूम रचतो. डीओआय (लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकून काहीच उघडलं नाही, किंवा भलताच लेख उघडला, तर गुण नाहीत.

गुण मुख्यतः वहीतल्या नोंदीला देतो: कुठले शब्द टाकले, काय हाती लागलं, त्यातलं काय का सोडलं. पुरावा नाही सापडला तरी चालतं.