१८व्या शतकातल्या निसर्गचित्रांमधला एकाकीपणा: ठरलेली प्रतीकं की आणखी काही?

तुम्ही विचारलंय की १८व्या शतकातल्या युरोपीय निसर्गरेखाटनांत वठलेलं झाड, पडका बुरूज, मुंगीएवढा माणूस वारंवार दिसतो, तर ही ठरलेली प्रतीकं आहेत का, आणि ती काढणारे चित्रकार खरंच एवढे एकाकी होते का.

संकेत होतेच. वठलेलं झाड म्हणजे मृत्यू, पडका बुरूज म्हणजे सरलेलं वैभव. पण असा कोश हाताशी धरून चित्रं वाचली तर त्यांतलं सगळ्यात चांगलं तेच निसटतं, असं माझं ठाम मत आहे. माझा सर्वांत आवडता चित्रकारच घेतो, लंडनचा जॉन रॉबर्ट कझन्स (१७५२-१७९७).

त्याचं अल्बानो सरोवर पाहा. रोमच्या दक्षिणेला, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं पाणी. कड्यावर पोपच्या उन्हाळी मुक्कामाचं कास्तेल गान्दोल्फो, नखाएवढं. पलीकडे फिकट होत गेलेलं मैदान. रंग म्हणाल तर करडा, निळसर, मळकट हिरवा, बस्स. ब्रशचे बारीक बारीक फटकारे असे शेजारी शेजारी बसवलेत की जमीन कुठे संपली आणि हवा कुठे सुरू झाली ते सांगता येऊ नये. इथे उलगडायला एकही प्रतीक नाही, तरी बघणारा एकटा पडतो.

शेजारच्या नेमी सरोवराला मात्र कथेचं वजन आहे. तिथे डायना या रोमन देवीचं उपवन होतं, आणि आधीच्या पुजाऱ्याला ठार मारील तोच पुढचा पुजारी, अशी तिथली प्राचीन रीत सांगतात. लॅटिन शिकलेल्या इंग्रज रसिकांना ती ठाऊक असायची. त्यामुळे कझन्सने तिथलं नुसतं पाणी आणि झाडी काढली तरी पुरे.

आता एकाकीपणाचं. १७९४ मध्ये कझन्सचं मानसिक संतुलन ढळलं आणि शेवटपर्यंत तो डॉक्टर टॉमस मन्रो यांच्या देखरेखीखाली होता. म्हणून लोक आधीच्या चित्रांतही ते दुखणं शोधतात. मला हे अजिबात पटत नाही. १७८२ मध्ये तो इटलीला गेला तो विल्यम बेकफर्ड या धनाढ्य इंग्रजाच्या लवाजम्यात: सोबत डॉक्टर, वादक, नोकरचाकर. बेकफर्डचा पैसा जमैकातल्या ऊसमळ्यांचा, गुलामांच्या घामाचा. या प्रवासात काढलेल्या स्केचेसवरून पुढे त्याची अनेक निर्जन चित्रं तयार झाली, आणि अल्बानोचं दृश्य तर त्याने वेगवेगळ्या गिऱ्हाइकांसाठी पुन्हा पुन्हा रंगवलं. विचारवंत एडमंड बर्कने १७५७ मध्येच रितेपण, अंधार, एकांत आणि शांतता यांना भव्यतेची कारणं म्हटलं होतं. सुशिक्षित श्रीमंतांना घरात असा एकांत हवा होता, आणि कझन्सला तो कागदावर उभा करता येत होता. दुःखी माणसाची डायरी म्हणून ही चित्रं पाहणं म्हणजे त्याच्या कसबावर अन्याय आहे.

हे कसब शिकता येण्याजोगंही होतं. मन्रो यांच्या घरी संध्याकाळी गर्टिन आणि टर्नर हे तरुण चित्रकार कझन्सच्या चित्रांच्या नकला करत. गर्टिन बाह्यरेषा काढायचा, टर्नर वर रंगाचे हात द्यायचा, आणि त्या कामाचे त्याला रात्रीला साडेतीन शिलिंग मिळत. कझन्सची १७८२-८३ च्या प्रवासातली सात स्केचबुकं आज मँचेस्टरच्या व्हिटवर्थ संग्रहालयात आहेत. रंगीत चित्रं पाहण्याआधी ती पाहिलीत, तर कुठून काय वगळलं ते नीट लक्षात येईल.