मार्क बेताचे, सीट किर्गिझस्तानात: पैसे भरू का?

प्रश्न: आदरणीय डॉक्टर मॅडम, मी १९ वर्षांची आहे. लातूरला राहून दोनदा नीट दिली. २०२५च्या नीटला ७२० पैकी ३९१ मार्क पडले. बायोलॉजी २६३, केमिस्ट्री ८६, फिजिक्स ४२. दहावीला ८८ टक्के होते, बारावीला ७१. आम्ही ओबीसी. बाबा एसटी डेपोत मेकॅनिक आहेत, आई अंगणवाडीत मदतनीस. एका एजंटाने किर्गिझस्तानातलं कॉलेज सुचवलंय. तो म्हणतो, पाच वर्षांचं पॅकेज २६ लाख, कॉलेज 'एनएमसी अप्रूव्ह्ड' आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे, शिक्षण इंग्रजीतून, जेवायला भारतीय मेस. महिनाअखेरपर्यंत एक लाख भरून सीट बुक करायची आहे. बाबा अडीच एकरांतलं दीड एकर विकायला तयार झालेत. आई म्हणते, बीएएमएस कर. मी काही फार हुशार नाही, मध्यम आहे. माझ्यासारखीने तिकडे अर्ज करावा का?
— एक वाचक, जिल्हा धाराशिव

उत्तर: बाळ, एक लाख भरू नकोस. बाबांनाही सांग, जमिनीच्या कागदाला आत्ता हात लावू नका. का ते सविस्तर सांगते. परदेशात जाऊच नये असं माझं मत नाही, त्यामुळे सगळं नीट वाच.

तुझे मार्क मी विषयवार बघितले. ३६० पैकी २६३ बायोलॉजीत मिळवणाऱ्या मुलीला मी मध्यम म्हणणार नाही. तुला खाली ओढलंय ते फिजिक्सने, आणि यंदाचा फिजिक्सचा पेपर भल्याभल्यांना जड गेला. एमबीबीएसला गेल्यावर शरीररचना, शरीरक्रिया, विकृतीशास्त्र, औषधशास्त्र असे विषय येतात. ढीगभर वाचायचं, समजून घ्यायचं, लक्षात ठेवायचं आणि रुग्णापुढे उभं राहिल्यावर आठवायचं. त्या कामाला लागणारी कुवत तुझ्यात दिसते. हेच ३९१ तुझे उलटे पडले असते, म्हणजे फिजिक्स चांगलं आणि बायोलॉजी दीडशेवर अडकलेलं, तर मी तुला या वाटेवरून परत फिर म्हटलं असतं.

आता अर्ज करावा का, याबद्दल. तू विचारतेस, मला घेतील का. घेतील. नीट पात्र असलेल्या, पैसे भरणाऱ्या मुलीला अशी कॉलेजं सहसा नाही म्हणत नाहीत. चाळणी लागते ती परत आल्यावर. परदेशातून एमबीबीएस करून आलेल्यांना इथे एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते. वर्षातून दोनदा होते, ३०० प्रश्न, पास व्हायला १५० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण गेल्या काही वर्षांत बहुतेक सत्रांत शंभरातले दहा ते तीसच पास झालेत; जून २०२३मध्ये तर जेमतेम दहा. या आकड्यात पुन्हा पुन्हा बसणारेही धरलेले असतात, म्हणून बाकीचे सगळे कायमचे बाद होतात असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पास होणारे पुष्कळ. मात्र ती दोन-तीन वर्षं घरी बसून, कर्जाचे हप्ते चालू असताना काढायची असतात. सध्याच्या एफएमजीईऐवजी पुढे नेक्स्ट नावाची परीक्षा यायची आहे, आणि तू २०३१च्या आसपास परत येशील तेव्हा तीच असायची शक्यता धरून चाल.

मी सरकारी रुग्णालयात मेडिसिन शिकवते. परदेशातून आलेली मुलं आमच्या वॉर्डात इंटर्नशिपला असतात. पहिल्या आठवड्यात त्यांना हिस्टरी घ्यायला, म्हणजे रुग्णाला विचारून आजाराची माहिती काढायला, सांगितली की बरेच जण अडखळतात. अक्कल कमी असते म्हणून नव्हे. वर्ग इंग्रजीतून झालेले असतात. तिथला रुग्ण मात्र किर्गिझ बोलतो, रशियन बोलतो. भाषा आली नाही की मुलं राउंडला मागच्या रांगेत उभी राहतात. क्लिनिकलची, म्हणजे रुग्णांजवळ शिकायची, सगळी वर्षं अशी मागे उभं राहून गेली तर पोट दाबून यकृत लागतंय का हे कधी शिकणार? आमच्याकडे किर्गिझस्तानच्या राजधानीतून, बिश्केकहून आलेली एक मुलगी होती. तिने पहिल्याच वर्षी रशियनचा ध्यास घेतला, सुट्टीच्या दिवशीही वॉर्डात जाऊन बसायची. तिची केस प्रेझेंट करण्याची पद्धत मी आमच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना ऐकायला लावत असे. तेव्हा देश कोणता यापेक्षा तिथे तुला रुग्णाला हात लावायला मिळणार का, आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायची तुझी तयारी आहे का, हे मी आधी विचारीन. 'भारतीय मेस' हे मात्र कॉलेज निवडायचं कारण होऊ शकत नाही.

एजंटाच्या बोलण्याकडे येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजेच एनएमसी, परदेशी कॉलेजांना मान्यता देत नाही, मंजूर कॉलेजांची यादीही काढत नाही. त्यामुळे 'एनएमसी अप्रूव्ह्ड' हे वाक्यच खोटं आहे. आरोग्य संघटनेच्या यादीचंही तसंच. जगभरच्या मेडिकल कॉलेजांची एक निर्देशिका आहे, तिच्यात नाव असणं म्हणजे दर्जाची हमी नव्हे. आयोगाने नोव्हेंबर २०२१मध्ये नियम केले आहेत आणि तुझी पदवी इथे चालेल की नाही ते त्यांवर ठरतं. शिक्षण किमान ५४ महिन्यांचं हवं. ते इंग्रजी माध्यमातून हवं. त्यानंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप, तीही त्याच संस्थेत. मधेच दुसऱ्या देशात जाऊन क्लिनिकल पूर्ण केलं तर चालत नाही. आणि ती पदवी घेऊन त्या देशाच्या नागरिकाला जसा डॉक्टरकीचा परवाना मिळतो, तसा तुलाही मिळायला हवा. फिलिपिन्समधला चार वर्षांचा एमडी (तिथली एमबीबीएससारखी पदवी) या ५४ महिन्यांतच अडकला.

आता तुझं पाच वर्षांचं पॅकेज या नियमांशेजारी ठेव. ५४ महिने त्यात बसतील. बारा महिन्यांच्या इंटर्नशिपचं सहावं वर्ष कुठे आहे? त्याचे पैसे २६ लाखांत धरलेत का? परत आल्यावर परीक्षा, आणि पुन्हा इथे एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी आठ वर्षांच्या आसपास, आणि तोवर डॉलर एका जागी थांबत नाही. २०२०मध्ये तो ७५ रुपयांच्या आसपास होता, २०२५मध्ये पंचाऐंशीच्या पुढे गेला. फी डॉलरमध्ये ठरली असेल तर शेवटच्या वर्षांचा हप्ता बाबांना आजच्या हिशेबाने देता येणार नाही.

एजंटाकडून परवान्याचं आणि सहाव्या वर्षाचं लेखी माग, कॉलेजच्या सही-शिक्क्यासह. तोंडी उत्तर घेऊ नकोस. तो एखाद्या सीनियरचा नंबर देईल. त्याच्याऐवजी तिथून पास होऊन आलेली, एफएमजीई दिलेली मुलं तू स्वतः शोध. ही परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाने कॉलेजवार निकाल प्रसिद्ध केलेले आहेत. तुझ्या कॉलेजचे किती बसले आणि किती पास झाले, ते त्यात बघ. हे आकडे पाहिल्याशिवाय कुणीही पैसे भरू नयेत.

युद्ध, दंगे हे आपल्या हातात नसतं, तरी घरात बोलून ठेवा. २०२२मध्ये युक्रेनमधून हजारो मुलं अर्धं शिक्षण टाकून परत आली. २०२०नंतर चीनमध्ये शिकणाऱ्यांची क्लिनिकलची वर्षं कोरोनामुळे मोबाइलच्या पडद्यावर गेली आणि नंतर ती भरून काढावी लागली. मे २०२४मध्ये खुद्द बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला. शेत विकून गेलेल्या मुलीला अशा वेळी दुसरीकडे नव्याने सुरुवात करायला पैसे उरत नाहीत. एखाद्या घराला हा खर्च जमीन न विकता झेपत असता तर माझं उत्तर इतकं कडक नसतं.

घाई कशाचीच नाही, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षं चालतो. तुझे ३९१ पुढच्या वर्षीही तिकडे चालतील. महिनाअखेरची मुदत एजंटाची आहे.

म्हणून मी तुझ्या जागी असते तर यंदा इथेच राहिले असते. राज्याच्या कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांना, नाव नोंदव आणि प्रेफरन्स फॉर्ममध्ये खासगी मेडिकल कॉलेजं गाळू नकोस. फीच्या धास्तीने मुली ती भरतच नाहीत. जुलै २०२४मध्ये शासनाने निर्णय घेतलाय: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींनी कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांना आणि अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. वसतिगृह, मेस आपल्याला बघावं लागतं. पण तुमच्या घरासाठी दीड एकर आणि शून्य फी एवढा हा फरक आहे. ३९१वर यंदा एमबीबीएस लागेलच असं म्हणत नाही, पण शेवटच्या फेरीपर्यंत यादीत राहा.

नाही लागलं तर तिसऱ्यांदा बस, पण तशीच नको. बायोलॉजी पुरेशी आहे, तिला रोज थोडा वेळ दे. बाकीचं वर्ष फिजिक्सचं. ४२चे १०० झाले तर तू साडेचारशेच्या घरात जातेस, आणि फीमाफीची खासगी सीट मग खरोखर हाताशी येते. मन थकलं असेल तर तेही खरं सांग. दोन वर्षं लातूरच्या खोलीत काढलेल्या मुलीला आणखी एक वर्ष कर म्हणणं मला सोपं जात नाही. घरी राहूनही फिजिक्स होतं.

आईच्या बीएएमएसबद्दल एवढंच: आयुर्वेद शिकावंसं वाटत असेल तर जरूर कर. एमबीबीएसची भरपाई म्हणून केलंस तर साडेचार वर्षं आणि वरची इंटर्नशिप मन मारून काढावी लागेल. फिजिओथेरपी आणि पशुवैद्यकीय या शाखांचीही माहिती घे, आपल्याकडे त्यांचे प्रवेशही नीटवरच होतात.

आणि या आठवड्यात बाबांना तहसीलला पाठव. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर चालू वर्षाचं हवं. जात वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज लगेच कर, कारण कॅपमध्ये ओबीसी मुलांची सीट अनेकदा याच एका कागदावाचून अडते.