वाचकांचे प्रश्न : रिटचिंगनंतरही चेहरा ओळखीचा राहावा

प्रश्न : सोलापुरात माझा लहानसा स्टुडिओ आहे. लग्नाच्या अल्बमसाठी वधू-वरांचे क्लोजअप मी स्वतः संगणकावर रिटच करतो, म्हणजे त्यांवरचे डाग वगैरे दुरुस्त करतो, परंतु प्रिंट हाती आली की चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे दिसतात. शिवाय 'मुलीला जरा गोरी करा' अशी मागणी घरचे लोक हमखास करतात. काय करावे?
— एक छायाचित्रकार, सोलापूर

उत्तर : डाग आणि त्वचेचा पोत या दोन वेगळ्या गोष्टी एकाच हाताने पुसल्या जातात, म्हणून चेहरा मेणासारखा होतो. संपूर्ण चेहऱ्यावर ब्लर किंवा स्मूदनिंगचा फिल्टर फिरवला की मुरूम जातो खरा, पण त्याच्याबरोबर रंध्रे, गालावरची बारीक लव आणि ओठांवरच्या रेषाही जातात. पाहणाऱ्याला नेमके काय गेले हे सांगता येत नाही, तरी काहीतरी खोटे आहे हे त्याला लगेच जाणवते. त्यामुळे फिल्टर बाजूला ठेवावा आणि काढायची प्रत्येक गोष्ट एकेक करून हाताने काढावी. काय काढायचे हे ठरवण्यासाठी मी एकच कसोटी लावतो : जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे, म्हणजे मुरूम, ओरखडा किंवा डासाचा चावा, ते काढावे; मात्र तीळ, जन्मखूण, जुना व्रण आणि गालावरची खळी यांना त्या व्यक्तीने स्वतः सांगितल्याशिवाय हात लावू नये.

काम नेहमी मूळ चित्रावर न करता वरच्या रिकाम्या लेयरवर (चित्रावर ठेवलेल्या पारदर्शक थरावर) करावे आणि हीलिंग ब्रशचा (शेजारच्या त्वचेने डाग भरणाऱ्या ब्रशचा) आकार डागापेक्षा किंचितच मोठा ठेवावा. डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि उजेडाची असमानता यांसाठी सॉफ्ट लाइट मोडमध्ये (खालच्या चित्राचा उजेड हलकेच कमी-जास्त करणाऱ्या मोडमध्ये) ५० टक्के राखाडी रंगाचा लेयर घ्यावा आणि त्यावर अगदी हलक्या पांढऱ्या व काळ्या ब्रशने उजेड-सावली सारखी करत जावी, कारण या पद्धतीत त्वचेचा पोत जागच्या जागी राहतो आणि फक्त त्यावरचा प्रकाश बदलतो. हे वेळखाऊ काम आहे. परंतु चांगले पोर्ट्रेट याच टप्प्यावर घडते, असे माझे ठाम मत आहे. काळी वर्तुळे पूर्ण नाहीशी मात्र करू नयेत, कारण तेथील सावली गेली की डोळे चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे दिसतात. दात आणि डोळ्यांतील पांढरा भाग यांचा पिवळेपणा किंवा लाली थोडी उतरवणे पुरे. ते कागदासारखे पांढरे कोणाचेच नसतात.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि मंडपात घामाने कपाळ व नाक चकाकतात. ही चकाकी साफ पुसली तर चेहऱ्याचा उठाव जाऊन तो सपाट होतो. क्लोन स्टॅम्प (चित्राचा एक भाग दुसरीकडे उमटवणारे साधन) डार्कन मोडमध्ये, म्हणजे फक्त उजळ जागा गडद करणाऱ्या मोडमध्ये घेऊन, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) २० टक्क्यांच्या आसपास ठेवून, शेजारच्या त्वचेचा रंग चकाकीवर हळूहळू चढवावा. तेवढ्याने तेलकटपणा उतरतो आणि उजेडाची जागा कायम राहते. हळदीच्या फोटोंत पिवळ्या कापडाचा रंग हनुवटीखाली आणि गळ्यावर उतरलेला असतो. त्यासाठी सगळ्या फोटोचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा एकूण तोल) हलवला तर बाकीचे रंग बिघडतात, म्हणून बाकीचा भाग झाकणारा मास्क घेऊन तेवढ्याच भागातील पिवळ्याचे सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) कमी करावे.

आता गोरेपणाविषयी. ही मागणी मान्य करू नये, असे मी स्पष्ट सांगेन. चेहरा उजळला आणि मेंदीचे हात, गळा व कान मूळ रंगाचे राहिले की फोटो फसतोच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की आपल्या सावळ्या मुलीचा खरा चेहरा अल्बमात नको असे आपण तिलाच सांगत असतो. मात्र या मागणीमागे पुष्कळदा एक तांत्रिक चूक असते, ती आधी तपासावी. कॅमेऱ्यातील उजेड मोजणारे मीटर समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरते. त्यामुळे चौकटीत पांढरे कपडे जास्त असले की ते सगळाच फोटो गडद करते. सोलापुरातील सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) घातलेल्या नंदीध्वजधारकांचे फोटो काढणाऱ्यांना हा अनुभव ठाऊक असेल : बाराबंदी राखाडी येते आणि चेहरे काळवंडतात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेल्या उजेडात हाताने केलेली वाढ-घट, पाऊण ते एक स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). सावळा चेहरा योग्य उजेडात, त्याच्या स्वतःच्या रंगात आला की 'गोरी करा' म्हणणारे बरेचसे लोक गप्प होतात.

प्रश्न : माझे दिवंगत आजोबा सोलापुरातील गिरणीत कामाला होते. त्यांचा जुना फोटो मोठा करून भिंतीवर लावण्यासाठी दिला, तर सुरकुत्या आणि गालावरचा व्रण काढून टाकल्यामुळे आजीलाच ते ओळखू येईनात. आता काय सांगून काम करून घ्यावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आजींचा शब्द येथे अखेरचा मानावा. मूळ प्रिंट ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके) पुन्हा स्कॅन करून घ्यावी आणि कागदावरचे डाग कोणते व चेहऱ्यावरचे कोणते, याची खूण आजींना विचारून एका झेरॉक्सवर करून द्यावी. कागदाचे डाग, घड्या आणि ओरखडे काढावेत, व्रण ठेवावा. सुरकुत्यांच्या बाबतीत जुन्या स्टुडिओंची रीत आजही उत्तम आहे. तेव्हा रिटचर निगेटिव्हच्या (उजेड-सावली उलटी दिसणाऱ्या मूळ फिल्मच्या) मागून उजेड सोडून, अणकुचीदार पेन्सिलीने तिच्यावरच काम करीत असत. सुरकुतीची सावली निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसते. तेथे शिसाचे बारीक ठिपके भरले की प्रिंटमध्ये ती सावली फिकी होई, पण रेघ राहत असे. संगणकावरही हेच करता येते : सुरकुती दुसऱ्या लेयरवर पुसावी आणि त्या लेयरची ओपॅसिटी ३० टक्क्यांपर्यंत खाली आणावी, म्हणजे मूळ रेघ खालून दिसत राहते. काम पाहताना स्क्रीनवर दुप्पट मोठे करून न पाहता छोटी प्रिंट काढून, भिंतीवर जितक्या अंतरावरून पाहणार तितक्या अंतरावरून ती आजींना दाखवावी.

प्रश्न : मोबाइलवर काढलेले माझे फोटो फार गुळगुळीत येतात आणि नाकही मोठे दिसते. नंतर दुरुस्ती करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : फोनने पोत पुसूनच फोटो जतन केला असेल, तर तो पोत परत आणता येत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील ब्यूटी मोड आधी बंद करावा. नाक मोठे दिसते ते हाताच्या अंतरावरून सेल्फी घेतल्यामुळे. फोन दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावा, त्याला दीड-दोन मीटर मागे उभे करून दुप्पट झूम वापरायला सांगावे आणि स्वतः दुपारच्या उन्हात न थांबता खिडकीकडे किंवा ओसरीच्या सावलीत बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून उभे राहावे.