घरी ऐका, वर्गात बोला

प्रश्न : मी घाटकोपरच्या एका महाविद्यालयात प्रथम वर्ष वाणिज्यला इंग्रजी शिकवते. वर्गात १२० मुलं, लेक्चर ४८ मिनिटांचं. फ्लिप्ड क्लासरूम सुरू केली, म्हणजे धडा मुलांनी घरी व्हिडिओवर बघायचा आणि वर्गात सराव करायचा, पण निम्मी मुलं व्हिडिओ न बघताच येतात. मग मला सगळं पुन्हा सांगावं लागतं.

उत्तर : ते पुन्हा सांगणं आधी थांबवा. बाई वर्गात सांगतातच हे कळल्यावर व्हिडिओ कोण बघेल? आणि जी मुलं बघून आली, त्यांचा वेळ वाया जातो. न बघता आलेल्यांना मागच्या बाकांवर बसून मोबाइलवर, इयरफोन लावून तो बघू द्या आणि मग इतरांमध्ये मिसळू द्या. बघून आलेल्यांकडून दारातच चिठ्ठी घ्या : शिकलेलं वापरून स्वतःबद्दल एक वाक्य आणि न कळलेली एक गोष्ट. थोड्या चिठ्ठ्या चाळल्या तरी आज कुठे थांबायचं ते लक्षात येतं.

व्हिडिओ किती लांब आहे तेही बघा. ऑनलाइन अभ्यासक्रमांवरच्या २०१४ च्या एका संशोधनात दिसलं, की व्हिडिओ कितीही मोठा असला तरी विद्यार्थी साधारण सहा मिनिटांपर्यंतच बघतात. म्हणून एका व्हिडिओत एकच मुद्दा. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ नाहीत, त्यामुळे आपली मुलं ‘ही इज टीचर’ म्हणून मोकळी होतात. तेवढंच घ्या, आणि खुशाल मराठीतून समजावा. वर्गात मात्र व्याख्या नकोत. एकाने स्टेशनवरून कॉलेजला कसं यायचं ते सांगावं, दुसऱ्याने विचारत राहावं. किंवा एक बँकेत, दुसरा डेबिट कार्ड हरवलेला ग्राहक.

४८ मिनिटं १२० जणांत वाटली तर प्रत्येकाला २४ सेकंद मिळतात, तेही तुम्ही पूर्ण गप्प राहिलात तर. जोड्या लावल्या की वीस मिनिटांत प्रत्येक जण दहा मिनिटं बोलतो. सगळा खटाटोप या दहा मिनिटांसाठी आहे. गोंगाट होणारच, शेजारच्या वर्गाला आधी कल्पना देऊन ठेवा.

प्रश्न : मी भांडुपची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आधी मागे गप्प बसता यायचं. आता जोडीत बोलावं लागतं आणि मला घाम फुटतो.

उत्तर : तुझी भीती मला कळते. पण या पद्धतीचा सगळ्यात जास्त फायदा तुलाच आहे. भरल्या वर्गात ‘बाई, पुन्हा सांगा’ म्हणायला धीर लागतो, व्हिडिओ मागे न्यायला लागत नाही. हवा तितक्यांदा ऐक, वाक्यं पाठोपाठ मोठ्याने म्हण. उद्याच्या विषयावर चार वाक्यं वहीत लिहून ने. सुरुवातीला वहीत बघून बोललीस तरी चालेल. महिनाभर एकच जोडीदार मिळावा असं बाईंना सांग. कोणी हसत असेल तर तेही सांग. तो बदलून देणं त्यांचं काम आहे, आणि मराठी शाळेत शिकलीस यात लाजण्यासारखं काहीच नाही.

प्रश्न : सकाळी कॉलेज, मग दुकानात काम, रात्री लोकल. डेटाही पुरत नाही. व्हिडिओ कधी बघू?

उत्तर : शिक्षकांकडे त्याच धड्याचा फक्त ऑडिओ आणि एका पानाची झेरॉक्स माग. कॉलेजच्या वायफायवर ऑडिओ उतरवून घे, गर्दीत उभ्यानेही ऐकता येतो. ही सोय करून देणं ही शिक्षकांचीच जबाबदारी आहे.

प्रश्न : मुलगा म्हणतो, सर शिकवत नाहीत, व्हिडिओ पाठवतात. मग फी कशाची भरायची? (एक पालक, दादर)

उत्तर : व्हिडिओ पाठवून वर्गात काहीच होत नसेल, तर तुमची तक्रार रास्त आहे. ही पद्धत रूढ करणारे अमेरिकेतल्या कोलोरॅडोतले रसायनशास्त्राचे दोन शिक्षक, जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स, यांनी २००७ च्या सुमारास गैरहजर मुलांसाठी धडे रेकॉर्ड केले. त्यातून वर्गातला वेळ मोकळा झाला आणि तो त्यांनी एकेका मुलाजवळ जाऊन शिकवण्यात घालवला. त्यामुळे सरांनी व्हिडिओ पाठवला का, यापेक्षा ‘आज वर्गात तू किती वेळ इंग्रजीत बोललास?’ हे मुलाला विचारा. आठवडाभर ‘अजिबात नाही’ असंच उत्तर आलं, तर विभागप्रमुखांना जाऊन भेटा.