डेन्मार्कच्या सैन्याचा जुना ठिपक्यांचा गणवेश जर्मन गणवेशासारखा का दिसतो?

कारण तो जर्मन 'फ्लेकटार्न' नक्षीवरूनच घेतला आहे. दोन्ही कापडं शेजारी ठेवून रंग मोजा: जर्मन नक्षीत पाच, डॅनिश 'एम/८४' मध्ये तीनच (काळा, गडद हिरवा, फिकट खाकी-हिरवा). ठिपक्यांची धाटणी मात्र तीच. गंमत म्हणजे जर्मनांनी चाचण्या १९७०च्या दशकात घेतल्या, पण सैन्यभर वाटप १९९०च्या सुमारास केलं. डेन्मार्कने त्याआधीच, १९८४ मध्ये, आपली आवृत्ती स्वीकारली. वाळवंटासाठी याच ठिपक्यांचे वाळूरंगी कपडेही निघाले. पण हे सगळं जुन्या फोटोंपुरतं धरा. २०१०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे 'मल्टिकॅम' या अमेरिकी नक्षीवर बेतलेला 'एम/११' गणवेश आला, त्याचं जर्मन नक्षीशी काही नातं नाही.